आद्य संगणकीय सचेतनपट : एक मूल्यविचार

कोणत्याही नव्या कलाप्रकाराचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य प्रथम ‘पहिले कोण?’ या प्रश्नात गुंततो. आपल्याकडे कादंबरीच्या बाबतीत हेच झाले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हिला पहिलेपणाचा मान द्यावा की ‘मुक्तामाला’ (१८६१) हिला, याची चर्चा करणारे पुष्कळ. त्या दोन पुस्तकांतील गद्य सावकाश वाचून पाहणारे मात्र थोडे. संगणकाच्या साहाय्याने केलेल्या हलत्या चित्रांचा जो इतिहास आज सर्वत्र वाचावयास मिळतो, त्याची स्थिती याहून निराळी नाही. अमक्या साली पहिला ठोकळा हलला, तमक्या साली पहिला हात, मग पहिला चेहरा, आणि शेवटी १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण लांबीचा पहिला चित्रपट, अशी ती वंशावळ असते. वंशावळीतील पूर्वजांना स्वतःचे आयुष्य नसते. पुढच्याला जन्म देण्यापुरतेच ते जगलेले असतात. प्रस्तुत लेखात हा क्रम बाजूला ठेवून १९५७ ते १९७४ या काळातील काही थोड्या कृतींकडे केवळ कृती म्हणून पाहण्याचा विचार आहे. त्यांना विचारावयाचा प्रश्न एकच : या चित्रांतील हालचालीत चेतना आहे काय, आणि असल्यास ती कोणाची?

हा प्रश्न निव्वळ पुराणवस्तुसंशोधनाचा नव्हे. एखादे वाक्य लिहून दिले की संगणक हलते चित्र पुढे ठेवतो, ही गोष्ट आता आपल्या विद्यार्थ्यांच्याही परिचयाची झाली आहे. यावर शिक्षकवर्गात सामान्यतः दोन मते ऐकू येतात. यंत्राने केले ते कला नव्हेच, हे एक. यंत्राला सर्व येते, तेव्हा चित्रकलेचा तास हवा कशाला, हे दुसरे. दोन्ही मते चित्रे न पाहताच बनविलेली असतात. ज्या काळी संगणकाला फारच थोडे येत होते, त्या काळच्या कृती पाहिल्या म्हणजे यंत्राचा वाटा कोणता आणि माणसाचा कोणता हे पुष्कळच स्वच्छ दिसते. आज तो सांधा इतका बेमालूम झाला आहे की दाखवू म्हटले तरी बोट ठेवता येत नाही.

‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाच्या मुळाशी श्वास, प्राण या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. निर्जीव चित्राच्या ठिकाणी प्राणाचा भास उत्पन्न करावयाचा, हा त्याचा आशय. म्हणून त्यास या लेखापुरते ‘सचेतनपट’ असे म्हणतो. त्याचे तत्त्व साधे आहे. एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपावयाची आणि त्या चौकटी वेगाने दाखवावयाच्या. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून पडद्यावर जी दाखविली, ती याच तत्त्वावर. अडचण असते ती श्रमाची. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने दहा मिनिटांस चौदा हजार चारशे चौकटी होतात. या श्रमांत यंत्राची मदत घ्यावी हा विचार कोणासही सुचण्यासारखा होता. परंतु ज्यांना तो प्रथम सुचला त्यांच्यापैकी काहींना श्रम वाचवावयाचे नव्हतेच. त्यांना यंत्राचीच गती पाहावयाची होती.

कॅलिफोर्नियातील जॉन व्हिटनी (१९१७–१९९५) आणि त्यांचे बंधू जेम्स व्हिटनी हे या पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात जॉन लॉकहीड विमान कारखान्यात नोकरीस होते. विमानविरोधी तोफांचा नेम ठरविणारी गणकयंत्रे त्या काळी निघाली होती. येणारे विमान क्षणभराने कोठे असेल हे ती दात्यांच्या आणि कलत्या चाकतींच्या फिरण्यावरून काढीत. आकडे मोजून नव्हे. युद्ध संपल्यावर ही यंत्रे लष्कराच्या मोडीत निघाली. व्हिटनींनी त्यांतील एक मिळविले आणि तोफेच्या जागी चित्र व कॅमेरा जोडला. विमानाचा माग काढण्यासाठी घडविलेली गती चित्राच्या कामी लागली. १९५८ साली हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटाच्या नामावलीत सॉल बास यांच्याबरोबर काम करून व्हिटनींनी जी आवर्ते फिरविली, ती आजही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणतात. १९६१ साली त्यांनी आपल्या यंत्राच्या करामती एकत्र करून ‘कॅटलॉग’ नावाचा छोटा पट सिद्ध केला. नावाप्रमाणेच ती नमुन्यांची वही आहे. एखाद्या कवीने वृत्तांच्या सरावासाठी लिहिलेले श्लोक जसे वाचावे, तसा तो पाहावा. त्यात डोळ्यांस सुख पुष्कळ आहे, पण एका नमुन्यानंतर दुसराच का आला याला उत्तर नाही.

येथे धाकट्या भावाची आठवण अपरिहार्यपणे होते. जेम्स व्हिटनी यांचे मन योग, रमणमहर्षी, पाश्चात्त्य किमयाविद्या यांच्याकडे ओढ घेणारे होते. १९५७ साली पुरा झालेल्या आपल्या पटास त्यांनी ‘यंत्र’ असे नाव दिले. अर्थात आपल्या तांत्रिकांच्या ‘श्रीयंत्रा’तील यंत्र. मराठी वाचकाला यातील गंमत लगेच कळेल. आपल्या भाषेत यंत्र म्हणजे साधकाची रेखाकृती आणि यंत्र म्हणजे गिरणीतले धूडही. इंग्रजीला त्यांसाठी दोन निराळे शब्द लागतात. आणि वस्तुस्थिती अशी की ‘यंत्र’ नावाचा हा पट संपूर्णपणे हाताने केलेला आहे. टाचणीने लहान पुठ्ठ्यांना भोके पाडावयाची, त्या भोकांतून दुसऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे ठिपके उतरवावयाचे, आणि मग ते टिपावयाचे, असा उद्योग जेम्स वर्षानुवर्षे करीत होते. त्यांचा पुढचा पट ‘लॅपिस’ (१९६६) मात्र भावाच्या यंत्रावर झाला. लॅपिस म्हणजे किमयागारांचा दगड, आपला परीस. रविशंकरांच्या सतारीच्या साथीने असंख्य ठिपके मध्यबिंदूकडे गोळा होतात, विरतात, पुन्हा नवे मंडल बांधतात.

हे दोन पट एकापाठोपाठ पाहावे. ‘यंत्रा’त ठिपक्यांचा हलकासा कंप आहे, हाताचा आहे तो, ‘लॅपिस’मध्ये तो नाही. तरीही ‘लॅपिस’ निर्जीव वाटत नाही, उलट अधिक शांत आणि अधिक गहन वाटतो. म्हणजे हाताचा कंप हे चेतनेचे एकमेव लक्षण नव्हे. आपल्या टीकेत ‘हाताचा स्पर्श’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो, म्हणून हे मुद्दाम नोंदवितो. ‘लॅपिस’मध्ये चेतना आहे ती थांबण्याच्या जागांत. कोणते मंडल किती वेळ टिकू द्यावे आणि कोणत्या क्षणी त्यास मोडू द्यावे, याचा निर्णय पुठ्ठ्यांना भोके पाडीत वर्षे काढलेल्या मनुष्याचा आहे.

जॉन व्हिटनी पुढे आकडेमोड करणाऱ्या खऱ्या संगणकाकडे वळले. आय. बी. एम. कंपनीच्या साहाय्याने १९६८ साली ‘पर्म्युटेशन्स’ आणि १९७५ साली, लॅरी क्यूबा यांच्या मदतीने, ‘अरेबेस्क’ हे पट त्यांनी केले. त्यांची उपपत्ती १९८० सालच्या त्यांच्या पुस्तकात आहे; तिचा गाभा आपल्याकडील संगीताच्या जाणकारास चटकन समजेल असा आहे. वर्तुळावर ठिपक्यांची रांग कल्पावी. पहिला जेवढ्या वेळात एक फेरी करतो तेवढ्यात दुसऱ्याने दोन कराव्या, तिसऱ्याने तीन, याप्रमाणे. निघताक्षणी सर्व पांगतात, गोंधळ माजतो. पण फेरीच्या निम्म्यावर, तिहाईवर, चौथाईवर ते आपोआप दोन, तीन, चार आऱ्यांत उभे राहतात, आणि फेरी पुरी होताच सारे एका रेषेत येतात. दुगुन, तिगुन चालू असताना ऐकणाऱ्याचा जीव टांगणीस लागावा आणि समेवर सुटावा, तसेच हे. व्हिटनींनी आपला विचार पाश्चात्त्य स्वरमेळाच्या परिभाषेत मांडला आहे. मला तो तालाच्या परिभाषेत अधिक पटतो. पाहणाऱ्यास जी उत्कंठा वाटते ती सम जवळ आल्याची असते.

आता न्यू जर्सीतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेकडे वळावयास हवे. तेथील मंडळी कलावंत नव्हती, आणि त्यांपैकी पहिल्याने तर कलेचा विचारही केला नव्हता. एडवर्ड झॅजॅक यांना १९६३ साली एवढेच पाहावयाचे होते की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची एकच बाजू, चंद्राप्रमाणे, सदैव पृथ्वीकडे राहील अशी योजना करता येते काय. गणिताची उत्तरे आकड्यांच्या लांबलचक रकान्यांत मिळत. त्या रकान्यांऐवजी त्यांनी आय. बी. एम. ७०९० या संगणकाकडून प्रत्येक क्षणाचे रेखाचित्र काढवून ते फिल्मवर उतरविले. पडद्यावर एक गोल आणि त्याच्याभोवती कोलांट्या घेत जाणारा एक चौकोनी ठोकळा, एवढेच दिसते. इतिहासकार याला पहिल्या संगणकपटांत गणतात. मला त्याचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. हा ठोकळा कोणाचे मन रिझविण्यासाठी हललेला नाही. त्याच्या प्रत्येक कलण्यामागे यामिकीचा नियम आहे, आणि तो हळूहळू स्थिरावू लागतो तेव्हा पाहणाऱ्यास खरोखर हायसे वाटते. नाट्य रचण्याचा हेतू नसताना नाट्य निर्माण झाल्याचे हे एक लहानसे उदाहरण होय.

त्याच प्रयोगशाळेत केन नोल्टन यांनी १९६३ साली चित्रांसाठी ‘बेफ्लिक्स’ ही संगणकाची आज्ञाभाषा रचली. पडदा म्हणजे आडवे २५२ आणि उभे १८४, मिळून ४६,३६८ ठिपके. प्रत्येकास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आठ छटांपैकी एक. आपल्या अंगणातील ठिपक्यांच्या रांगोळीची कल्पना मनात आणली म्हणजे पुरे. या भाषेत नोल्टन यांच्यासह स्टॅन व्हॅनडरबीक यांनी ‘पोएम फील्ड’ नावाची पटमालिका केली. नाव कवितेचे असल्यामुळे साहित्याच्या माणसाला तिच्याविषयी कुतूहल वाटावे हे साहजिक आहे. पडद्यावर शब्द उमटतात, त्यांच्या कडा ढासळतात, ठिपक्यांची नक्षी होते, नक्षीतून दुसरा शब्द वर येतो. रंग मागाहून इतरांनी चढविले आहेत. या मालिकेची स्तुती पुष्कळ झाली आहे. माझे मत तितके अनुकूल नाही. शब्दाची नक्षी होताना त्याचा अर्थही ताणला जावा, निदान दुखावला जावा, तरच ती कविता. येथे कोणताही शब्द काढून दुसरा घातला तरी नक्षीचे काही बिघडत नाही. आपल्या चित्रबंधकाव्यात अक्षरे कमळाच्या पाकळ्यांत बसविताना कवीची जी दमछाक होते, तिचा मागमूसही येथे नाही. उत्तम गालिचा म्हणून ‘पोएम फील्ड’ पाहावी, आणि तसे पाहिल्यास आनंदही होतो.

याच प्रयोगशाळेतील तिसरे गृहस्थ मायकेल नोल. त्यांनी १९६५ साली चार मितींच्या घनाकृतीचे हलते चित्र केले, परंतु त्यांचे खरे महत्त्व आहे ते एका स्थिर चित्राच्या प्रयोगामुळे. तो प्रयोग टीकाकारांच्या वर्मी लागणारा असल्याने येथे थोडे थांबतो. डच चित्रकार पीट मोन्द्रियान यांचे १९१७ सालचे एक चित्र आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आडव्या-उभ्या तुटक काळ्या रेघा, एका गोलाकारात विखुरलेल्या. नोल यांनी तशीच रचना संगणकाकडून करविली. रेघांची जागा यदृच्छेने ठरावी, मात्र ठरीव मर्यादेत. मग दोन्ही चित्रांच्या छायाप्रती शंभर जणांपुढे ठेवल्या. संगणकाचे चित्र कोणते हे बरोबर ओळखणारे निघाले अवघे अठ्ठावीस. आणि एकोणसाठ जणांना संगणकाचेच चित्र अधिक आवडले. निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले.

या आकड्यांना दोन तऱ्हांनी उडवून लावण्यात येते. पाहणारे त्याच प्रयोगशाळेतील नोकरदार होते, चित्रांचे रसिक नव्हते, ही एक तऱ्हा. ती मला मान्य नाही. कलाकृतीतील माणूसपण ओळखावयास जर खास परवाना लागत असेल, तर ‘कला सर्वांची’ हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवरून पुसून टाकावे. दुसरी तऱ्हा अशी की छायाप्रतीत रंगाचा थर, कापडाचा पोत, रेघेची कड, सारे नाहीसे होते आणि राहतो तो सांगाडा. ही हरकत खरी आहे. परंतु आपण वर्गात थोर चित्रकार शिकवितो तेही छापील प्रतींवरूनच. माझ्या मते खरा मुद्दा तिसराच आहे. संगणकाने शून्यातून चित्र केले नाही. गोलाकार पसारा, वरच्या बाजूस रेघा आखूड होत जाणे, ही मर्यादा नोल यांनी मोन्द्रियानचे चित्र न्याहाळून आखून दिली. ज्याला आपण यंत्राचे चित्र म्हणतो, ते मोन्द्रियानच्या एका वाचकाने केलेले भाष्य आहे. त्या भाष्यातील सुलभता लोकांना मुळातील कठीणपणापेक्षा अधिक रुचली, यात नवल ते काय? गाइडे पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक खपतात हे पाहत आम्हा मास्तरांची हयात गेली.

अमेरिकेत हे चालू असताना मॉस्कोत निकोलाय कॉन्स्तान्तिनोव (१९३२–२०२१) यांनी १९६८ साली एक मांजर चालविले. इतिहासग्रंथांत या ‘कोशेच्का’ला, म्हणजे मनीला, जेमतेम ओळ-दोन ओळी मिळतात, मला ती या काळातील सर्वांत सजीव कृती वाटते. ‘बेस्म-४’ या संगणकाजवळ चित्र काढण्याचे साधन नव्हते. जवळ होते ते आकडे व अक्षरे छापणारे यंत्र. तेव्हा प्रत्येक चौकट कागदावर अक्षरे छापून उठविली आणि ते कागद एकेक करून चित्रित केले. ‘पोएम फील्ड’मध्ये अक्षरे शब्द होऊ पाहतात आणि नक्षी होऊन बसतात, येथे अक्षरांनी शब्द होण्याचा हट्टच सोडला, आणि त्यांचे मांजर झाले.

परंतु कौतुक अक्षरांचे नाही, चालीचे आहे. मांजराची एकेक पायरी चित्रकाराने काढलेली नाही. पाय, पाठ, मान यांची गती कॉन्स्तान्तिनोव आणि त्यांचे सहकारी मिनाखिन व पोनोमारेंको यांनी समीकरणांत बांधली, आणि संगणकाने ती समीकरणे सोडवीत मांजर पुढे नेले. स्नायू कोणत्या क्रमाने ताणतात हे कळावे म्हणून मिनाखिन स्वतः चार पायांवर चालून पाहत, असे सांगतात. चेतना कोणाची, या आपल्या प्रश्नाला इतके रोखठोक उत्तर दुसरीकडे मिळावयाचे नाही! मांजर आडवे चालत जाते, खांदे वरखाली होतात, आणि मध्येच मान वळते. त्या मान वळविण्यात मांजराचा जो बेपर्वा स्वभाव उतरला आहे तो कोणत्याही समीकरणाच्या नावात आढळणार नाही. कोणीतरी मांजराकडे पुष्कळ वेळ पाहत बसल्याखेरीज ते समीकरण सुचतेच ना. कॉन्स्तान्तिनोव यांची खरी कीर्ती शाळकरी मुलांना गणित शिकविणारे म्हणून आहे. मॉस्कोतील गणिताचे विशेष वर्ग आणि १९८० पासूनची ‘नगरांची स्पर्धा’ ही गणिताची स्पर्धा यांच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. हे वाचून माझ्या व्यवसायबंधूंना बरे वाटल्यास त्यास माझी ना नाही.

१९७२ साली युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेऊन, त्यावर लहान बहुकोन आखून, फ्रेड पार्क यांच्यासह पडद्यावर जो हात उघडमीट करविला, त्याच्यापासून वर उल्लेखिलेली वंशावळ सुरू होते. तंत्र म्हणून तो अद्भुत आहे. तथापि तो हात काही धरीत नाही, सोडीत नाही, कोणास बोलावीत नाही. त्याच्याबद्दल टीकाकाराने याहून अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

पीटर फोल्डेस यांच्या ‘हंगर’विषयी मात्र लिहिलेच पाहिजे. फोल्डेस मूळचे हंगेरीचे, जाणते चित्रकार. अणुबाँबवरील त्यांचा ‘अ शॉर्ट व्हिजन’ हा हाताने केलेला पट १९५६ सालचा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळातील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी अशी योजना तयार केली होती की चित्रकाराने हालचालीच्या आरंभाचे व शेवटचे चित्र द्यावे आणि मधली सारी चित्रे संगणकाने काढावी. चित्रशाळांतून हे मधल्या चित्रांचे काम उमेदवार करीत असतात. या साधनाने फोल्डेस यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी १९७१ साली ‘मेटाडेटा’ आणि १९७४ साली ‘हंगर’ केला.

या तंत्रात एक जन्मजात दोष आहे. उमेदवार झाला तरी तो माणूस असतो. उचललेला हात जड आहे की हलका, हे तो मधल्या चित्रांत दाखवितो. संगणक एका रेषेचा प्रत्येक बिंदू दुसऱ्या रेषेवरील बिंदूकडे सारखाच सरकवितो. त्यामुळे आकार चालत नाहीत, वितळतात. ‘मेटाडेटा’त हे वितळणे पाहताना थोड्याच वेळात मन कंटाळते. ‘हंगर’मध्ये फोल्डेस यांनी विषयच असा निवडला की दोषाला अर्थ आला. एक मनुष्य जेवू लागतो. तो खातो, फुगतो, त्याचे तोंड रुंदावते, समोर येईल ती वस्तू अन्न होते आणि अन्न त्याचे अंग होते. कोणताही आकार क्षणभर स्वस्थ राहत नाही, कारण भूक त्याला राहू देत नाही. शेवटी उपाशी माणसांचा जमाव येतो आणि त्यालाच खाऊन टाकतो. वजन नसलेल्या या रेषा पाहताना प्रथम हसू येते, मग शिसारी येते, आणि अखेरीस भीती वाटते. साधनाची मर्यादा हीच आशयाची भाषा झाली. या काळातील दुसऱ्या कोणत्याही संगणकपटात हे इतके पुरेपूर साधलेले मला दिसले नाही.

‘हंगर’ला त्याच वर्षी कान येथील महोत्सवात लघुपटांसाठीचे परीक्षक-पारितोषिक मिळाले, आणि पुढे ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले, ते पारितोषिक मात्र दुसऱ्या पटास गेले. १९९७ साली अमेरिकेच्या त्याच चित्रपट अकादमीने या तंत्राबद्दल बर्टनिक आणि वाइन यांचा सन्मान केला. फोल्डेस १९७७ सालीच निवर्तले होते.